मुरलेला चहा

चहाच्या पुड्यावर 'अमुक तारखेच्या आत वापरा' असं छापलेलं असतं आणि ती तारीख उलटली की आपण पुडा फडताळात मागे सारतो. चीनच्या युनान प्रांतातला पु-अर चहा विकणारा दुकानदार मात्र जुनी तारीख अभिमानाने पुढे करतो. हा पाच वर्षांचा, हा पंधरा वर्षांचा, आणि वरच्या फळीवरचा तो विकायचा नाही, नुसता दाखवायचा. वय वाढेल तशी किंमत चढते. हे सगळंच सोंग आहे असं नाही, कारण त्या वर्षांत पानात खरोखर काहीतरी घडत असतं. पण सोंगही बरंच आहे. हा चहा नीट करून प्यायचा तर सोंग कुठलं आणि खरं कुठलं हे ओळखता यावं लागतं, आणि त्यासाठी आधी पानाची हकिकत माहीत हवी. ती कळली की चहा करण्याचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

युनान हा चीनचा नैर्ऋत्य कोपरा. म्यानमार, लाओस आणि व्हिएतनामला खेटून असलेला. पुढे मेकाँग म्हणून ओळखली जाणारी लानत्सांग नदी इथून दक्षिणेला उतरते आणि तिच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांत चहाची झाडं आहेत. झुडपं नव्हेत, झाडं. काही गावांत ती शेकडो वर्षांची आहेत आणि पानं खुडायला वर चढावं लागतं. जिंगमाय डोंगरावर ब्लांग आणि दाय लोकांनी जंगलाच्या सावलीत राखलेल्या चहाच्या राया २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. तिथल्या जुन्या झाडांवर 'खेकड्याचा पाय' म्हणून ओळखलं जाणारं एक बांडगूळ वाढतं; तेही वाळवून चहात टाकतात. पु-अर हे मुळात बाजारपेठेचं नाव. डोंगरातला माल तिथे यायचा आणि तिथून पुढे निघायचा, म्हणून ते नाव चहाला चिकटलं. १७२९ साली छिंग राजवटीने तिथे पु-अर नावाचा कारभारी विभागच स्थापन केला. अलीकडे उलटा प्रकार झाला: चहाची कीर्ती आणि भाव बघून सिमाओ नावाच्या शहराने २००७ साली स्वतःचंच नाव बदलून पु-अर करून घेतलं.

या झाडाचं पान मोठं असतं. वनस्पतिशास्त्रात त्याची जात आसामिका, म्हणजे आपल्या आसामच्या मळ्यांत आहे तीच. पूर्व चीनमध्ये ज्या बारीक पानांचा नाजूक हिरवा चहा होतो त्यांच्यापेक्षा या पानात कॅटेचिनं, म्हणजे तुरटपणा आणणारी द्रव्यं, जास्त असतात. त्यामुळे ताजेपणी ते जिभेला चांगलंच झोंबतं. नातं नुसत्या झाडापुरतंही नाही. आसाम-अरुणाचलच्या सीमेवरचे सिंगफो लोक पानं भाजून, उन्हात वाळवून बांबूच्या नळीत ठासतात आणि ती नळी चुलीवरच्या धुरात ठेवून देतात. 'फालाप' नावाचा हा चहा वर्षानुवर्षं टिकतो आणि सुरीने चकत्या कापून वापरतात. युनानमधले जिंगपो आणि म्यानमारचे काचिन हे याच सिंगफोंचे भाईबंद. पु-अरचा भारतातला सख्खा नातेवाईक शोधायचा तर तो दार्जिलिंगला नाही, इथे सापडेल.

आता आंबवण्याबद्दल. आसामच्या कारखान्यात पान सीटीसी यंत्रातून चिरडून काढतात, तास-दीड तास पसरून ठेवतात, ते तांबूस होतं आणि मग वाळवतात. कारखान्यातली माणसं या टप्प्याला फर्मेंटेशन म्हणतात, पण त्यात जंतूंचा फारसा हात नसतो. पानातलंच एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तो रंग चढवतं. पु-अरमध्ये काम करतात त्या खरोखरच्या बुरश्या, यीस्ट आणि जिवाणू. दही, इडली, ताडी यांच्या कुळात बसणारा चहा हा.

त्याचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांपासून इतके दूर आहेत की एकाच नावाने विकले जातात याचं नवल वाटावं. एक कच्चा, ज्याला चिनी लोक शेंग म्हणतात. दुसरा पिकवलेला, म्हणजे शू.

कच्चा आधी. खुडलेलं पान थोडा वेळ मलूल होऊ देतात, मग लाकडाच्या जाळावरच्या मोठ्या कढईत हाताने परततात. हिरव्या चहासाठीही पान परततात, पण तिथे आच अशी देतात की पानातली सगळी हालचाल थांबावी. इथे हात जरा राखून ठेवतात. मग पानं चोळून, पिळून उन्हात वाळवायची. ऊन महत्त्वाचं आहे. भट्टीच्या कडक आचेत वाळवलं तर पुढे मुरायला पानात काही उरतच नाही. २००८ च्या चिनी मानकाप्रमाणे युनानच्या ठरावीक भागातल्या, मोठ्या पानाच्या आणि उन्हात वाळवलेल्या मालालाच पु-अर म्हणता येतं. वाळलेली पानं मोजून पत्र्याच्या नळकांड्यात घेतात, क्षणभर वाफ देतात, ती मऊ पडली की फडक्याच्या पिशवीत भरून पीळ देतात आणि वर दगडी वजन ठेवून माणूस त्यावर उभा राहून डुलतो. तयार होते ती चकती: साधारण वीतभर व्यासाची, एका बाजूला मध्यभागी खळगा पडलेली. तो खळगा पिशवीच्या गाठीचा. वाळलेल्या चकतीत कारखान्याची छोटी कागदी चिठ्ठीही पानांबरोबर दाबलेली असते. नंतर उचकटून दुसरी चिकटवता येऊ नये म्हणून. चकती ३५७ ग्रॅमची, अशा सात चकत्या बांबूच्या कोंबावरच्या सुक्या सोपटात बांधल्या की अडीच किलोची एक चळत होते. सातची प्रथा जुनी आहे. १७३५ सालच्या सरकारी नियमातही चहा सात-सातच्या बांध्यातच बाहेर पाठवावा असं होतं, म्हणजे वजन आणि कर मोजायला सोपं.

चहा असा दाबण्याचं कारण वाहतूक. दाली, लिच्यांग असं करत खेचरांचे तांडे हा माल ल्हासापर्यंत नेत. तिबेटमध्ये भाजीपाला तुटपुंजा, आहार मांसाचा आणि सातूच्या पिठाचा, त्यामुळे चहा तिथे चैन नव्हती. आणि त्याच्या बदल्यात चीनच्या सैन्याला घोडे हवे होते. सिचुआनमधून जाणाऱ्या वाटेवर तर हमाल पाठीवर चहाचे गठ्ठे घेऊन डोंगर चढत. प्रवास महिनोन् महिने चाले, पावसात भिजून, उन्हात सुकून माल पोचे, आणि वाटेतच तो मुरायला लागे. या चहाचा जन्मच तसा झाला असं सांगतात. गोष्ट जरा जास्तच गोड आहे, पण ओलावा आणि काळ मिळाला की हे पान बदलतं एवढं त्यात खरं आहे. विसाव्या शतकात युनानचा काही माल म्यानमारमार्गे कोलकात्याला उतरून कालिंपाँगवरून तिबेटात चढत असे. त्या पेठेत मारवाडी, तिबेटी आणि युनानी व्यापारी शेजारी-शेजारी बसत.

मुरलेल्या चहाची चटक खरी लागली ती हाँगकाँगला. तिथल्या चहाघरांत सकाळी डिमसम, म्हणजे वाफवलेले आणि तळलेले छोटे पदार्थ, खाताना सोबत गडद पु-अर लागतो. हवा दमट, गोदामं त्याहून दमट. कच्चा चहा तिथे लवकर गडद आणि गोडसर होई. पण लवकर म्हणजे किती, तर वर्षानुवर्षं. मागणी वाढत गेली आणि इतकी वर्षं थांबायला कोणी तयार नव्हतं. १९७३ साली कुनमिंगच्या चहा कारखान्यातली माणसं क्वांगतुंगला जाऊन ओला चहा रचून पिकवण्याची तिथली पद्धत बघून आली आणि तिच्यावर प्रयोग सुरू झाले. कुनमिंगच्या वू छीयिंग आणि मेंगहाय कारखान्याचे झोऊ बिंगल्यांग ही त्यातली दोन प्रमुख नावं. आज पिकवलेला पु-अर म्हणून जो मिळतो तो या प्रयोगांचा माल. म्हणजे 'प्राचीन' म्हणून खपवला जाणारा हा काळाभोर चहा हिंदी सिनेमातल्या 'शोले'पेक्षा फार जुना नाही.

पद्धत अशी. वाळलेली पानं फरशीवर कंबरभर उंचीच्या राशीत रचतात, पाणी शिंपडतात आणि वरून फडकी घालतात. दोन-चार दिवसांत रास आतून तापते. आपल्याकडे खताच्या खड्ड्यात काठी खुपसली की वाफ निघते, तशीच वाफ इथे निघते आणि कारणही तेच: कोट्यवधी जीव जेवत असतात. तापमान ५०-६० अंशांवर जातं. त्याहून वर गेलं तर पान करपतं, थंड पडलं तर सडतं, म्हणून काही दिवसांनी फावड्याने रास उलटायची, गठ्ठे फोडायचे, पुन्हा रचायची. साधारण दीड-दोन महिन्यांत पान तपकिरी-काळं होतं. कुशल माणूस हात घालूनच सांगतो की उलटायची वेळ झाली की नाही. राशीतला मुख्य कामगार अस्परजिलस जातीची काळी बुरशी; गरम भागात एक विशिष्ट यीस्टही जोर धरतं. ताज्या पानातल्या तुरट कॅटेचिनांचे मोठे, जोडले गेलेले रेणू होतात, त्यांना थीअब्राउनिन म्हणतात. पेल्यातला कॉफीसारखा रंग त्यांचा, आणि तुरटपणा जाऊन येणारा गुळगुळीतपणाही त्यांच्यामुळेच. जुनं लाकूड, ओली माती, तळघर असा जो वास येतो त्यात मेथॉक्सीबेंझीन गटातल्या संयुगांचा मोठा वाटा आहे. नव्या मालाला मात्र माशासारखा दर्प असतो. तो एक-दोन वर्षांत उडून जातो, म्हणून ताजा पिकवलेला चहा घेऊ नये.

कच्चा चहा हेच काम सावकाश करतो. पहिली काही वर्षं तो हिरवट-पिवळा, कडवट, फुलांच्या वासाचा असतो. मग मध आणि सुक्या फळांकडे झुकतो. आणि नीट ठेवला तर दोनेक दशकांत लालसर, कापूर-चंदनी होतो. नीट ठेवला तर. वाईट चहा वीस वर्षं ठेवला की वीस वर्षांचा वाईट चहा मिळतो.

सोंग इथूनच सुरू होतं. मेंगहायच्या प्रसिद्ध चकत्यांना ७५४२, ७५७२ असे क्रमांक आहेत. पहिले दोन आकडे मिश्रणाची कृती ठरली ते वर्ष सांगतात, तिसरा पानाची प्रत आणि शेवटचा कारखाना; २ म्हणजे मेंगहाय. ७५४२ कच्चा आणि ७५७२ पिकवलेला. गेल्या वर्षी दाबलेली चकतीही ७५४२च असते, पण 'पंचाहत्तर सालचा माल' म्हणून ती गळ्यात मारणारे आहेत. वेष्टनं छापून घेणं तर फारच सोपं. २००७ च्या सुरुवातीला या चहात सट्टा इतका चढला की लोक प्यायला नव्हे, साठवायला चकत्या घेत होते. त्याच वर्षी भाव कोसळले आणि गोदामं भरून राहिली. सुरुवात करणाऱ्याने वय, एकाच झाडाची पानं, अमुक गावाचं नाव यांसाठी पैसे देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. नावाजलेल्या कारखान्याचा तीन-चार वर्षांचा साधा पिकवलेला चहा घ्यावा, पूर्ण चकतीऐवजी २५-५० ग्रॅमचा तुकडा मागवावा, आणि जिभेला ठरवू द्यावं.

आता करायचं कसं. पहिलं काम चकती फोडण्याचं, आणि बहुतेक जण इथेच चहा बिघडवतात. खलबत्त्यात कुटायचं नाही, हाताने तोडायचं नाही. दाभणासारखं एक हत्यार मिळतं. ते चकतीच्या कडेने, पानांच्या थरांना समांतर आत सरकवायचं आणि हलकेच उचलायचं. थर पापुद्र्यासारखा सुटतो. पान मोडलं की त्याचा चुरा पहिल्याच पाण्यात सगळं सोडून देतो आणि चहा कडू होतो. दाभणापुढे दुसरा हात धरू नये. चकती दगडासारखी घट्ट असते आणि टोक सटकतं.

भांडं म्हणजे गायवान, झाकणाचा छोटा चिनी पेला, शंभर-सव्वाशे मिलिलिटरचा. तो नसला तरी अडत नाही. छोटी किटली किंवा जाड कप, वर बशी आणि आपली रोजची गाळणी एवढं पुरतं. यिशिंगच्या तांबूस मातीची किटली सुंदर असते आणि उष्णता धरून ठेवते, पण ती पहिल्या महिन्यात घ्यायची वस्तू नव्हे. पत्ती मात्र मोजायची: शंभर मिलिलिटरला ६ ते ७ ग्रॅम. आपल्या सवयीला हे प्रमाण अवाच्या सवा वाटेल. पण हा चहा एकदा भिजवून फेकायचा नसतो. तेवढ्याच पत्तीवर दहा-बारा वेळा पाणी घालायचं आणि प्रत्येक वेळी काही सेकंदांतच ओतून घ्यायचं.

पाणी खळखळ उकळतं हवं. ग्रीन टीच्या पुड्यावरची 'ऐंशी अंश' ही सूचना इथे विसरावी. पिकवलेल्या पानातला तुरटपणा राशीतच संपलेला असतो, त्यामुळे कढत पाण्याने तो कडू होईल ही भीती नाही. उलट कोमट पाण्यात घट्ट दाबलेली पानं उलगडतच नाहीत आणि चहा मातकट, पातळ लागतो. कोवळ्या कच्च्या चहात कॅटेचिनं शाबूत असतात, तिथे मिनिटभर निवलेलं पाणी चालेल. पण मी तिथेही पाणी उकळतंच ठेवतो आणि वेळ कमी करतो. कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटरवर आहे, तिथे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं. पुण्यात ते ९८ ला उकळतं, म्हणजे युनानी माणसापेक्षा आपल्याला चार अंश जास्तच मिळतात.

पहिलं पाणी घालायचं आणि लगेच ओतून टाकायचं. धूळ जाते, पानं जागी होतात, भांडं तापतं. पिकवलेल्या चहाला हे दोनदा करावं. या धुण्याने कॅफीन निघून जातं असं सांगितलं जातं. त्यावर विसंबू नये, काही सेकंदांत त्याचा थोडाच भाग उतरतो. मग झाकण उघडून वास घ्यायचा. ओल्या, गरम पानाचा वास चहाच्या चवीपेक्षा जास्त खरं बोलतो: कुबट, आंबूस, नाकात टोचणारा वास आला तर माल गोदामातच बिघडलेला आहे, आणि पुढच्या दहा पाण्यांनी तो सुधारणार नाही.

धुतल्यानंतरचं पहिलं पाणी पाच सेकंद. नंतरची तीन-चार तशीच. रंग फिका पडतोय असं वाटलं की दहा, पंधरा, तीस, असं वाढवत न्यायचं. घड्याळ लागत नाही. ओतताना धारेचा रंग बघायचा. पिकवलेल्याची धार दाट तांबडी-काळी, कच्च्याची सोनेरी. एक गोष्ट कटाक्षाने: शेवटचा थेंबही ओतून घ्यायचा. भांड्यात राहिलेल्या दोन चमचे पाण्यात पानं भिजत राहतात आणि पुढचा पेला कडवट होतो. ओतून घ्यायचं ते आधी एका मोठ्या पेल्यात, म्हणजे सगळ्यांना सारखा चहा मिळतो, एकाला पांचट आणि दुसऱ्याला जहाल असं होत नाही. आणि पाणी शेवटाला आलं की त्याच पत्तीला पातेल्यात पाच मिनिटं उकळी द्यायची. पिकवलेला चहा इथे अनपेक्षित गोड होतो.

ऑफिसला जाणाऱ्याने हे सगळं सोडून चार-पाच ग्रॅम पत्ती धुऊन लिटरभराच्या थर्मासात टाकावी आणि दोन तासांनी प्यावी. जाणकार नाक मुरडतील. चहा उत्तम होतो.

पिताना लक्ष कुठे द्यायचं? कच्च्या चहात कडवटपणा यायलाच हवा. प्रश्न एवढाच की तो जातो का. चांगल्या चहात तो घोटाबरोबर उतरतो आणि क्षणाने घशातून गोडवा वर येतो, आवळा खाऊन पाणी प्याल्यावर येतो त्या जातीचा. खराब चहात कडूपणा जिभेवर बसून राहतो. पिकवलेल्यात गोडवा शोधत बसू नये, तिथे अंग बघावं: घोट जाडसर, तेलकट-मऊ लागतो की नुसतं रंगीत पाणी.

औषधी गुणांबद्दल थोडक्यात. वेष्टनांवर चरबी वितळवण्याचे दावे असतात. त्यासाठी हा चहा विकत घेऊ नये. जड जेवणावर तो पिण्याची रीत मात्र जुनी आहे. 'लाल महालाचं स्वप्न' या अठराव्या शतकातल्या चिनी कादंबरीतही नायकाने शेवया खाल्ल्या म्हणून त्याला पु-अर देतात. आंबवल्याने कॅफीन नाहीसं होत नाही, तेव्हा झोपेच्या वेळी नको. आणि तिबेटात जाणाऱ्या जून पानांच्या स्वस्त विटांमध्ये फ्लोराइड इतकं असतं की त्या रोज भरपूर पिणाऱ्या भागांत हाडांचे विकार झाल्याची नोंद आहे; कोवळ्या पानांच्या चकतीला ती भीती तेवढी नाही.

साठवण हा आपल्याकडचा खरा पेच. या चहाला साठ-सत्तर टक्के आर्द्रता, किंचित हवा आणि अंधार लागतो. मुंबई-कोकणात जुलैत हवा याच्या कितीतरी वर जाते आणि चकतीवर पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी बुरशी धरते. पावसाळ्याचे चार महिने ती घट्ट बंद पिशवीत घालून डब्यात ठेवावी आणि दसऱ्यानंतर बाहेर काढावी. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलट: चहा सुकतो आणि मुरणं जवळजवळ थांबतं. फ्रिजमध्ये कधीच नाही. वास तर तो टिपकागदासारखा ओढतो. मसाल्याचं कपाट, देवघराची उदबत्ती, कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या यांच्या जवळपासही चकती नको. हुनान प्रांतातल्या फू नावाच्या चहाच्या विटांमध्ये फोडल्यावर मोहरीएवढे पिवळे ठिपके दिसतात, ती बुरशी मुद्दाम वाढवलेली असते आणि त्याच ठिपक्यांवर विटेची किंमत ठरते. पु-अरवर तसं काही दिसलं, आणि विशेषतः ते केसाळ किंवा काळं-हिरवं असलं, तर तो तुकडा फेकून द्यावा.

राहता राहिलं दूध. मराठी घरात हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच. कच्च्या चहात घालू नये, फुलांचा वास मरतो. पिकवलेल्यात चालतं, तिबेटी माणूस तर गडद काढ्यात याकच्या दुधाचं लोणी आणि मीठ घालून लाकडी नळीत घुसळून पितो. आपल्या पद्धतीने करायचा तर धुतलेली पत्ती पाण्यात पाच-सात मिनिटं उकळावी, दूध बेताचं, साखर शेवटी आणि चाखून. आलं नको, त्यापुढे मातीचा वास उरत नाही. वेलदोड्याची दोन-तीन बोंडं हा चहा पेलतो.